महाविद्यालय–शाळा सहकार्य आणि माध्यमिक स्तरावरील संगणकशास्त्राचे अध्यापन : वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

सारांश

गेल्या चार दशकांत शासकीय योजनांमधून शाळांपर्यंत संगणक पोहोचले. मात्र संगणकशास्त्र हा विचार करण्याचा विषय म्हणून माध्यमिक वर्गात पुरेसा रुजला नाही. यंत्र, अभ्यासक्रम आणि शिक्षक या तीन घटकांपैकी शिक्षक हा घटक सर्वांत दुर्लक्षित राहिला. जिल्ह्यातील महाविद्यालयांकडे संगणकशास्त्राचे प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि विद्यार्थी असे मनुष्यबळ उपलब्ध असते. हे मनुष्यबळ माध्यमिक शाळांच्या उपयोगी कसे पडू शकेल, त्याचे कोणते प्रकार संभवतात, त्यातील धोके कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात करण्यात आले आहे. नई तालीमची जन्मभूमी असलेल्या या जिल्ह्यात ‘समवाय’ पद्धतीचा वारसा संगणकशास्त्राच्या अध्यापनास उपकारक ठरू शकतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संगणकशास्त्र शिक्षण, महाविद्यालय–शाळा सहकार्य, माध्यमिक शिक्षण, नई तालीम, समवाय, वर्धा जिल्हा.

१. प्रस्तावना

एकविसाव्या शतकात संगणक हे केवळ कार्यालयीन साधन राहिलेले नाही. शेतमालाचा भाव, पीकविमा, शिष्यवृत्तीचा अर्ज, महाविद्यालयीन प्रवेश, बँकेचा व्यवहार अशा सर्व बाबी आज संगणकीय प्रणालींमधून पार पडतात. या प्रणाली कशा चालतात, त्यांचे निर्णय कोणत्या नियमांनी होतात, याची प्राथमिक जाण नागरिकास असणे आवश्यक ठरते. असे असूनही ग्रामीण भागातील विद्यार्थी इयत्ता दहावी उत्तीर्ण होतो तेव्हा त्याच्या वाट्यास बहुधा संगणकाच्या भागांची नावे, टंकलेखन आणि चित्र रंगविण्याची आज्ञावली एवढेच आलेले असते.

याचे परिणाम पुढे महाविद्यालयात दिसतात. अभियांत्रिकी, बी. एस्सी. किंवा बी. सी. ए.च्या पहिल्या वर्षात शहरी शाळेतून आलेला, घरी संगणक असलेला विद्यार्थी आणि कारंजा किंवा आष्टी तालुक्यातील गावातून आलेला विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. पहिल्यासाठी प्रोग्रामिंग ही ओळखीची गोष्ट असते, दुसऱ्यासाठी ती संपूर्णपणे नवी भाषा असते आणि तीही इंग्रजीतून आलेली. दोघांच्या बुद्धिमत्तेत फरक नसतो, फरक असतो तो पूर्वपरिचयाचा. पहिल्या सत्रात मागे पडलेला विद्यार्थी ‘हा विषय आपला नव्हे’ असा निष्कर्ष काढतो आणि ही हानी पुढे भरून निघणे कठीण असते. म्हणूनच माध्यमिक शाळेतील संगणकशास्त्राचा प्रश्न हा महाविद्यालयांचाही प्रश्न आहे. महाविद्यालयाने शाळेकडे जाणे हा केवळ परोपकार नसून त्यात महाविद्यालयाचे स्वतःचे शैक्षणिक हित गुंतलेले आहे.

२. संगणक वापर आणि संगणकशास्त्र

या विषयावरील चर्चेत दोन भिन्न संकल्पनांची सातत्याने सरमिसळ होते. ‘संगणक साक्षरता’ म्हणजे यंत्र व त्यावरील तयार आज्ञावली वापरता येणे. ‘संगणकशास्त्र’ म्हणजे समस्या लहान भागांत विभागणे, त्यातील आकृतिबंध ओळखणे, अनावश्यक तपशील बाजूला सारणे आणि उत्तरापर्यंत नेणाऱ्या निःसंदिग्ध पायऱ्यांची रीत, म्हणजेच अल्गोरिदम, मांडणे. जेनेट विंग यांनी २००६ मध्ये या विचारपद्धतीस ‘संगणकीय विचार’ या नावाने व्यापक प्रसिद्धी दिली. तथापि त्यामागील कल्पना जुनी आहे. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. मुलाने संगणकाला शिकवावे आणि त्या ओघात स्वतः शिकावे, ही त्यामागील भूमिका होती.

साक्षरता अनावश्यक आहे असे नव्हे. परंतु आज्ञावलीची आवृत्ती बदलली की तिच्यापुरते शिकलेले कौशल्य कालबाह्य होते. अल्गोरिदमची समज मात्र टिकून राहते. महाराष्ट्रात २००१ पासून सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने साक्षरतेचा प्रसार मोठ्या प्रमाणात केला. दुसरीकडे अकरावी–बारावीच्या विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा २०० गुणांचा द्विलक्षी विषय उपलब्ध आहे. या दोहोंच्या मधला, म्हणजे इयत्ता आठवी ते दहावीचा टप्पा मात्र अध्यापनाच्या दृष्टीने दुबळा राहिला. महाविद्यालयीन सहकार्याची खरी गरज या टप्प्यावर आहे.

३. पूर्वानुभव

३.१ ‘क्लास’ प्रकल्प : भारतात शालेय संगणक शिक्षणाचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे १९८४ मध्ये सुरू झालेला ‘क्लास’ हा प्रकल्प होय. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि शिक्षण मंत्रालय यांच्या संयुक्त विद्यमाने पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळा निवडण्यात आल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश रचनेचे संगणक देण्यात आले. या प्रकल्पाचे एक वैशिष्ट्य आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. अभियांत्रिकी महाविद्यालये व विद्यापीठे यांना ‘संसाधन केंद्र’ म्हणून नेमून शिक्षकांचे प्रशिक्षण आणि शाळांना मार्गदर्शन हे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले होते. म्हणजेच महाविद्यालय–शाळा सहकार्य ही कल्पना आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वीच धोरणात आली होती. परंतु विषयास वेळापत्रकात पक्के स्थान नव्हते, आज्ञावल्या बहुतांशी परदेशी व इंग्रजी होत्या आणि अल्प मुदतीच्या प्रशिक्षणानंतर शिक्षक एकाकी पडत होता. सहकार्य कागदावर राहिले तर यंत्रे कपाटात जातात, हा या प्रकल्पाचा धडा आहे.

३.२ ‘आयसीटी’ योजना : डिसेंबर २००४ मध्ये केंद्र शासनाने शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान योजना सुरू केली. २०१८ पासून ती समग्र शिक्षा अभियानाचा भाग आहे. या योजनेत अनेक ठिकाणी खासगी कंपनीने प्रयोगशाळा उभारावी, निदेशक नेमावा, ठरावीक वर्षे चालवावी आणि नंतर शाळेकडे हस्तांतरित करावी, अशी पद्धत अवलंबिली गेली. तीत यंत्रे शाळेत राहतात, पण शिकविणारी व्यक्ती कराराबरोबर निघून जाते. नियमित शिक्षकात ते ज्ञान उतरलेले नसल्याने प्रयोगशाळेला कुलूप लागते. ज्ञानाचे हस्तांतरण यंत्राच्या हस्तांतरणाइतके सोपे नसते, हे येथे स्पष्ट होते.

३.३ होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम : सहकार्याचा सर्वांत बोधप्रद भारतीय अनुभव संगणकाचा नसून विज्ञानाचा आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञान शिक्षणास प्रारंभ केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत नेण्यात आला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. शिक्षकांची मासिक बैठक, प्रशिक्षणानंतर शाळेस प्रत्यक्ष भेट, स्वस्त साहित्यपेटी आणि पाठांतराऐवजी समज तपासणारी पुस्तकासह परीक्षा ही त्याची चार अंगे होती. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. तीन दशके तो टिकला, कारण प्राध्यापक पाहुणे म्हणून येत नसत, ते शिक्षकाबरोबर बसून पाठ तयार करीत. तो थांबला, कारण त्याचे अस्तित्व अखेरीस शासकीय परवानगीवर अवलंबून होते. ही दोन्ही सत्ये आजच्या नियोजनकर्त्यांनी लक्षात घ्यावयास हवीत.

३.४ महाराष्ट्रातील प्रयत्न : मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शालेय पुस्तकमाला तयार झाली. याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. २०१६ मध्ये एसीएम इंडिया या व्यावसायिक संघटनेने ‘सीएसपाठशाळा’ हा उपक्रम सुरू केला. संगणक नसलेल्या वर्गातही संगणकीय विचार शिकविता यावा, यावर त्याचा भर आहे. या पद्धतीचे मूळ न्यूझीलंडमधील टिम बेल, इयन विटन आणि माइक फेलोज यांनी १९९०च्या दशकात विकसित केलेल्या ‘अनप्लग्ड’ उपक्रमांत आढळते.

३.५ परदेशातील अनुभव : अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेन मार्गोलिस आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की गरीब व अल्पसंख्याक मुलांच्या शाळांत संगणक असूनही तेथे मुख्यतः टंकलेखनासारखी कौशल्येच शिकविली जात. त्यातून विद्यापीठ आणि तेथील शालेय प्रशासन यांनी २००८च्या सुमारास संयुक्तपणे एक शालेय अभ्यासक्रम आखला आणि त्याबरोबर शिक्षकांचे दीर्घकालीन प्रशिक्षण सुरू केले. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून संगणन हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात अनिवार्य झाला. तेथे ‘कम्प्युटिंग अ‍ॅट स्कूल’ या शिक्षक-प्राध्यापकांच्या २००८ पासूनच्या जाळ्याने पायाभूत काम केले. तथापि रॉयल सोसायटीच्या २०१७ च्या अहवालाने अध्यापन सर्वत्र सारखे नसल्याचे आणि प्रशिक्षित शिक्षकांची उणीव असल्याचे दाखवून दिले. अभ्यासक्रम अनिवार्य करण्याने शिक्षक आपोआप घडत नाही, हे संपन्न देशातही खरे ठरले.

आपल्या देशात केरळने २००१ मध्ये ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प सुरू केला आणि मुक्त आज्ञावलींचा स्वीकार केला. तेथे नियमित शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडविण्यात आले. प्रयोगशाळा टिकण्याचे ते महत्त्वाचे कारण मानता येते.

४. वर्धा जिल्हा : वारसा आणि सामर्थ्य

वर्धा जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर असे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख आहे. उच्च शिक्षणाच्या, विशेषतः तांत्रिक शिक्षणाच्या संस्था मुख्यत्वे वर्धा शहर, सेवाग्राम, पिपरी व सावंगी या परिसरात एकवटल्या आहेत. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या शिक्षा मंडळाची विज्ञान, वाणिज्य आणि तांत्रिक शिक्षणाची महाविद्यालये येथे आहेत. जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय १९६२ पासून, तर बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी २०१७ पासून कार्यरत आहे. सेवाग्राम येथील बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९८३ ची. एवढ्या लहान क्षेत्रात संगणकाशी संबंधित इतके मनुष्यबळ असणे ही जिल्ह्याची मोठी शक्ती आहे. मात्र उत्तरेकडील आर्वी, आष्टी, कारंजा आणि दक्षिणेकडील समुद्रपूर या भागांपासून हे केंद्र दूर पडते. सहकार्याची कोणतीही योजना या भौगोलिक विषमतेचा विचार करूनच आखावी लागेल.

जिल्ह्याचा शैक्षणिक वारसा याहून महत्त्वाचा आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तोद्योगाचे केंद्रस्थान ही तत्त्वे तेथे मांडली गेली. डॉ. झाकिर हुसेन समितीने त्यांना अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाने सेवाग्राम येथे आर्यनायकम् दांपत्याच्या नेतृत्वाखाली शाळेबरोबरच शिक्षक-प्रशिक्षणाचेही कार्य केले. सेवाग्राममध्ये २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा नई तालीमची परंपरा पुढे चालवीत आहे.

नई तालीम आणि संगणक यांचा संबंध जोडणे वरवर पाहता विसंगत वाटेल. संगणक हा हस्तोद्योग नव्हे आणि त्यास चरख्याचे स्थान देण्याचाही प्रश्न नाही. परंतु नई तालीमच्या अध्यापनपद्धतीचा गाभा असलेला ‘समवाय’, म्हणजे परिचित जीवन व काम यांच्याशी ज्ञानाची सांगड घालणे, हा संगणकशास्त्राच्या अध्यापनास नेमका लागू पडतो. टकळीवर सूत काततांना तारांची मोजणी, सुताचा अंक आणि सरासरी यांतून गणित शिकविले जाई. त्याच न्यायाने गावातील नोंदी, मोजमापे आणि कामाच्या रीती यांतून अल्गोरिदम व विदा यांचे शिक्षण देता येते. महाराष्ट्रात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने ‘कामातून शिक्षण’ हे तत्त्व आधुनिक तंत्रज्ञानास जोडता येते, हे दाखवून दिले आहे.

५. सहकार्याचे प्रकार

महाविद्यालय शाळेस चार प्रकारे साहाय्य करू शकते. ते परस्परपूरक असले तरी त्यांचे मूल्य सारखे नाही.

(अ) प्रयोगशाळेचा सामायिक वापर : शाळेतील विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी महाविद्यालयात यावे, हा सर्वांत सोपा प्रकार. शहरालगतच्या शाळांना तो उपयुक्त आहे. दूरच्या शाळांसाठी प्रवासखर्च आणि मुलींच्या ये-जा करण्याची व्यवस्था हे प्रश्न उभे राहतात. वर्षातून एकदा होणारी भेट सहलीपलीकडे जात नाही.

(आ) महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे साहाय्य : राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून कार्यरत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक सत्रभर शाळेत सहायक म्हणून काम केल्यास त्यास श्रेयांक मिळतील आणि विषयाची त्याची स्वतःची समजही पक्की होईल. गावातूनच आलेली विद्यार्थिनी जेव्हा शाळेतील मुलींसमोर प्रोग्राम लिहिते, तेव्हा तिचे उदाहरण अनेक व्याख्यानांहून प्रभावी ठरते. मात्र तिने शिक्षकाच्या सोबत काम करावयाचे असते, शिक्षकाच्या जागी नव्हे.

(इ) शिक्षकांचे दीर्घकालीन प्रशिक्षण : हा सर्वांत महत्त्वाचा प्रकार. शाळेत संगणकाचा तास बहुधा गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाकडे येतो. त्याच्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा पुरेशी नसते. मासिक बैठक, पुढील महिन्याच्या पाठांची संयुक्त तयारी आणि प्राध्यापकाने वर्गात मागच्या बाकावर बसून केलेले निरीक्षण ही होशंगाबादची रीत येथे अनुकरणीय आहे. विद्यार्थी येतात आणि पदवी घेऊन जातात, शिक्षक मात्र शाळेत दीर्घकाळ राहतो. त्यामुळे शिक्षकावर खर्च केलेला वेळ पिढ्यांना पुरतो.

(ई) देखभाल : बंद पडलेला संगणक दुरुस्त न होणे हे प्रयोगशाळेला कुलूप लागण्याचे नेहमीचे कारण असते. तंत्रनिकेतन व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी सत्रातून एकदा यंत्रांची तपासणी करणे आणि जुन्या संगणकांवर लिनक्स आधारित मुक्त प्रणाली बसविणे अल्प खर्चात शक्य आहे.

या चारही प्रकारांना जोडणारा नैसर्गिक दुवा म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय. ते कधी माध्यमिक शाळेस, तर कधी वरिष्ठ महाविद्यालयास संलग्न असते. जेथे द्विलक्षी संगणकशास्त्र शिकविले जाते, तेथील शिक्षक हे शाळा आणि वरिष्ठ महाविद्यालय या दोहोंची भाषा जाणतात. तालुक्याच्या ठिकाणी त्यांना केंद्रस्थानी ठेवल्यास अंतराचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

६. वर्गातील आशय : काही उदाहरणे

सहकार्याची चर्चा व्यवस्थापनापाशी थांबते आणि वर्गात नेमके काय शिकवावयाचे, हा प्रश्न मागे पडतो. म्हणून काही उदाहरणे येथे विस्ताराने दिली आहेत.

शोध : शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील १००० नावे वर्णानुक्रमे लावलेली आहेत असे समजा. एक नाव पहिल्या पानापासून शोधल्यास प्रसंगी १००० नावे पाहावी लागतील. मधले नाव पाहून ‘आधी की नंतर’ हे ठरविले, की अर्धी नावे बाद होतात. अशा रीतीने जास्तीत जास्त १० वेळा पाहून नाव सापडते किंवा नसल्याची खात्री होते. नावे वर्णानुक्रमे नसतील तर ही रीत चालत नाही, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावे. विदा नीट लावून ठेवण्याचे मूल्य त्यातून उमगते.

द्विमान संख्या : १, २, ४, ८ आणि १६ ठिपके असलेली पाच पुठ्ठ्याची कार्डे पाच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. कार्ड दाखविणे म्हणजे १, पालथे धरणे म्हणजे ०. यातून ० ते ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या दाखविता येते, म्हणजे महिन्यातील कोणतीही तारीख. विद्यार्थी आपला जन्मदिनांक द्विमान पद्धतीत मांडतात. या पाठास वीजही लागत नाही. भारनियमनाच्या काळातही तास बुडत नाही.

माग आणि आकृतिबंध : कापूस आणि खादी यांच्याशी वर्धा जिल्ह्याचा संबंध सर्वश्रुत आहे. हिंगणघाटचा कापूस ब्रिटिश काळात बाजारपेठेत स्वतंत्र नावाने ओळखला जाई. विणकामात आडवा धागा उभ्या धाग्याच्या वरून जातो किंवा खालून, तिसरा पर्याय नसतो. वरून म्हणजे १ आणि खालून म्हणजे ० मानल्यास साध्या विणीची पहिली ओळ १०१०, दुसरी ०१०१ अशी लिहिता येते. चौकटीच्या कागदावर विद्यार्थी हा नियम शोधतात: ओळ व स्तंभ यांच्या क्रमांकांची बेरीज सम असेल तर १, विषम असेल तर ०. हाच नियम पुढे प्रोग्राममध्ये एका आवर्तनात आणि एका अटीत लिहिला जातो. फ्रान्समध्ये जोसेफ जकार यांनी १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या कार्डांनी माग नियंत्रित केला आणि चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित विश्लेषक यंत्रासाठी तीच कल्पना घेतली. संगणकाचा पूर्वज माग आहे, ही गोष्ट सेवाग्रामच्या परिसरातील विद्यार्थ्यास परकी वाटणार नाही.

विदा : कृषी उत्पन्न बाजार समितीतील कापूस व सोयाबीनचे दैनिक भाव विद्यार्थ्यांनी महिनाभर नोंदवावेत. सर्वाधिक, सर्वांत कमी, सरासरी आणि आधीच्या दिवसाच्या तुलनेतील फरक काढण्याची रीत प्रथम शब्दांत, नंतर तक्त्यात आणि शेवटी प्रोग्राममध्ये मांडावी. घरातील जिव्हाळ्याचा विषय असल्याने उत्तर बरोबर की चूक, याची पडताळणी पालकही करू शकतात.

भाषा : मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढील मोठा अडसर इंग्रजीचा असतो. संकल्पना मराठीत समजावून द्यावी आणि प्रोग्रामिंग भाषेतील मोजके आरक्षित शब्द चिन्हे म्हणून स्वीकारावेत, ही रीत व्यवहार्य आहे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांना ‘भाव’, ‘बेरीज’ अशी देवनागरी नावे देता येतात, तसेच वापरकर्त्याने देवनागरीत टंकित केलेला पूर्णांक ती भाषा संख्या म्हणून ओळखू शकते. मात्र प्रोग्राममध्ये थेट लिहावयाच्या संख्या आंतरराष्ट्रीय (इंग्रजी) अंकांतच द्याव्या लागतात. अनेक शिक्षकांस या सोयीची कल्पना नसते. १९३७ च्या परिषदेने मातृभाषेचा धरलेला आग्रह येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो.

७. अडचणी आणि धोके

पहिला धोका कागदी सहकार्याचा. नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्य व सामंजस्य करार यांची नोंद घेतली जात आल्याने करारांची संख्या वाढविण्याकडे कल राहिला. उद्घाटन, छायाचित्र आणि प्रमाणपत्र यांत उपक्रम संपतो. दहा शाळांशी करार करण्यापेक्षा तीन शाळांत तीन वर्षे काम करणे अधिक मोलाचे आहे.

दुसरा धोका पर्यायी शिक्षकाचा. शाळेतील रिक्त पद भरण्याऐवजी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून विनामोबदला तास घेतले जाऊ लागले, तर ते शिक्षक, विद्यार्थी आणि शाळा या तिघांवरही अन्यायकारक ठरेल. सहकार्य हे शासनाच्या जबाबदारीस पर्याय नाही.

तिसरी अडचण वेळापत्रकाची. महाविद्यालयाचे सत्र आणि शाळेचे सत्र जुळत नाही. विद्यापीठीय परीक्षांच्या काळात सहायक विद्यार्थी अनुपलब्ध असतात, तर दहावीच्या वर्गाला दुसऱ्या सत्रात इतर कशासाठीही वेळ नसतो. म्हणून आठवी व नववी हे वर्ग निवडणे आणि मुख्य काम जुलै ते सप्टेंबर व डिसेंबर ते जानेवारी या काळात करणे योग्य ठरेल.

चौथी बाब प्राध्यापकांच्या कार्यभाराची. मासिक बैठक आणि शाळाभेटी हे काम कार्यभारात मोजले गेले नाही तर ते एखाद्या उत्साही व्यक्तीवर अवलंबून राहते आणि तिची बदली वा निवृत्ती होताच थांबते.

पाचवी बाब सुरक्षिततेची. बाहेरील व्यक्ती शाळेत येते तेव्हा शिक्षकाची उपस्थिती, पालकांची संमती आणि मुलांची छायाचित्रे व माहिती यांबाबतचे नियम लेखी असणे आवश्यक आहे.

८. शिफारशी

१. तांत्रिक वा विज्ञान महाविद्यालय, तालुक्यातील एक कनिष्ठ महाविद्यालय आणि त्याच्या जवळच्या पाच-सहा माध्यमिक शाळा असा एक गट करावा. प्रारंभ शहराबाहेरील तालुक्यातून व्हावा.

२. प्रत्येक शाळेतून किमान दोन शिक्षक निवडावेत, जेणेकरून एकाची बदली झाल्यास काम थांबणार नाही. त्यांपैकी एक शिक्षिका असावी.

३. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि अध्यापक महाविद्यालये यांना सुरुवातीपासून सहभागी करून घ्यावे. विषयज्ञान महाविद्यालयाकडे असते, पण मुलांना शिकविण्याचे ज्ञान शिक्षकाकडे असते. प्राध्यापकानेही शिकण्याच्या भूमिकेतून वर्गात जावे.

४. पहिल्या सत्रात संगणकाविना उपक्रम, दुसऱ्या सत्रात स्क्रॅचसारखे चित्ररूप प्रोग्रामिंग आणि दुसऱ्या वर्षी पायथन असा क्रम ठेवावा. मुक्त आज्ञावलींचाच वापर करावा.

५. मूल्यमापन प्रमाणपत्रांच्या संख्येवरून न करता समजुतीवरून करावे. ‘पुढील पाच पायऱ्यांनंतर बेरीज किती होईल?’, ‘या रीतीत चूक कोठे आहे?’ असे प्रश्न वर्षाच्या आरंभी व अखेरीस विचारून तुलना करावी. मुली व मुले यांचे निकाल स्वतंत्र पाहावेत.

६. सहायक विद्यार्थ्यांना श्रेयांक व प्रवासखर्च, तर प्राध्यापकांना कार्यभारात सवलत द्यावी. करार किमान तीन वर्षांचा असावा आणि तिसऱ्या वर्षाअखेर शाळा स्वबळावर कोणते काम चालवील, हे त्यात पहिल्याच दिवशी नमूद करावे.

९. समारोप

शाळेत संगणक देणे हे एका निविदेचे काम आहे, तर संगणकशास्त्र शिकविणारा शिक्षक घडविणे हे अनेक वर्षांचे काम आहे. ‘क्लास’पासून ‘आयसीटी’पर्यंतच्या योजनांनी पहिले काम केले, दुसरे अपूर्ण राहिले. ते पूर्ण करण्यास लागणारे ज्ञान परगावाहून आणावे लागत नाही, ते त्याच जिल्ह्यातील महाविद्यालयांत उपलब्ध आहे. प्रश्न आहे तो शाळा आणि महाविद्यालय यांच्यामधील अंतर कापण्याचा. वर्ध्यातून सेवाग्रामला जाणारा रस्ता आठ-नऊ किलोमीटरचा, आर्वी किंवा समुद्रपूरला जाणारा त्याहून बराच लांब. महाविद्यालयांनी यांपैकी लांबचा रस्ता आधी धरला तरच कारंजा वा आष्टीच्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात हा विषय आपला वाटू शकेल. शिक्षणाला कामाशी, परिसराशी आणि मातृभाषेशी जोडण्याचा विचार देशाला देणाऱ्या जिल्ह्याकडून एवढी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.